नव्या किचनला अजून वेळ आहे? तोवर जुनं असं सावरा

इंदूरच्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दोन-तीन वर्षांनी ओटा फोडून सगळं नवं करायचं ठरलं असेल, तर आज दोनच गोष्टींवर पैसे घाला. एक, स्क्रू काढून पुढे नव्या किचनमध्ये नेता येतील अशा वस्तू: नळ, बिजागऱ्या, हँडल, दिवे. दुसरं, ज्यात सामान थोडं आणि मेहनत जास्त अशी कामं: सफाई, सांधे, रंग. नव्या टाइल्स आणि नवा ग्रॅनाइट आत्ता बसवू नका. तोडफोडीत दोन्ही शाबूत निघत नाहीत. ट्रॉलीही थांबू द्या. जुन्या खणाच्या मापाची ट्रॉली नव्या खणात क्वचितच बसते.

सुरुवात सिंकखालून

गळती असताना दारं रंगवली तर रंग पावसाळाभरही टिकत नाही. सिंकखालचं सगळं सामान काढा, तळाशी कोरडं वर्तमानपत्र पसरा. आधी जाळीला बूच लावून सिंक अर्धं भरा आणि एकदम सोडा. कागद भिजला तर दोष वेस्ट कपलिंगच्या (सिंकच्या तळाला पाइप जोडणाऱ्या भागाच्या) वॉशरमध्ये किंवा पाइपच्या नटमध्ये आहे. नाही भिजला, तर सिंकच्या कडेने ओट्यावर तांब्याभर पाणी ओता. आता भिजला, तर सिंक आणि ओट्यामधला सांधा उघडला आहे. वॉशर स्वस्त असतो, बदलून टाका. सांध्याला मात्र नीट वेळ द्यावा लागतो.

जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून काढा. जुन्यावर नवं कधीच धरत नाही. महिन्याभरात सालीसारखं निघतं आणि मागे काळी बुरशी दिसते. खरवडल्यावर स्पिरिटने पुसा आणि रात्रभर सुकू द्या. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, नळीचं टोक तिरकं कापा, एका दमात रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने दाबा आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढा. मग २४ तास पाणी नको. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येत असेल तर हे काम कोरड्या दिवशी धरा. २८० मिलीच्या नळीत ६ मिमी जाडीची सुमारे १० मीटर रेघ निघते, म्हणजे एका किचनला एक नळी पुष्कळ.

नळी घेताना 'न्यूट्रल' आणि बुरशीरोधक मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आम्लधर्मी असतं. कोटा स्टोन हा चुनखडीचा दगड, त्यामुळे त्याची कड ते खातं. याच कारणाने कोट्याच्या ओट्यावर ॲसिड, लिंबू, व्हिनेगर यांपैकी काहीच लावू नका. एकदा गेलेली चमक पॉलिशवाल्याशिवाय परत येत नाही. बोरिंगच्या पाण्याचे पांढरे क्षार नळाच्या जाळीवर बसतात. ती जाळी फिरवून काढा, वाटीभर लिंबाच्या रसात अर्धा तास ठेवा, जुन्या ब्रशने घासा. धार मोकळी होते, नवा नळ घ्यावा लागत नाही.

तेलाचा चिकटा

फोडणीच्या वाफेचा चिकटा साबणाने फक्त पसरतो. १ लिटर गरम पाण्यात २ मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला, फडका भिजवून १० मिनिटं टाइल्सवर लावून ठेवा, मग घासून साध्या पाण्याने दोनदा पुसा. हातमोजे घाला. ॲल्युमिनियमची पट्टी किंवा भांडी यांना हे पाणी लागू देऊ नका, काळी पडतात. ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

टाइल्स स्वच्छ झाल्या तरी सांधे काळेच राहिले, तर खरवडणीने २-३ मिमी खोल काढून पुन्हा ग्राउट (टाइल्सच्या सांध्यात भरायचा मसाला) भरा. वरवर फासलेलं ग्राउट पापडासारखं उडतं. ओट्यामागच्या एका भिंतीला १ किलोची पिशवी पुरून उरते. गॅस आणि सिंकमागे इपॉक्सी ग्राउट घेतलंत तर डाग मुरत नाही. पण ते मिसळल्यावर लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा.

दारं

सनमायकावर थेट रंग लावला तर नखाने सोलता येतो. आधी २२० नंबरच्या पेपरने चमक पूर्ण मारा, धूळ पुसा, गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा प्रायमर एक हात आणि मग इनॅमलचे दोन पातळ हात, ४ इंची फोमच्या रोलरने. भिंतीचा प्रायमर इथे चालत नाही. दहा दारांच्या दर्शनी बाजूंना अर्धा लिटर प्रायमर आणि १ लिटर इनॅमल पुरतं. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या. हाताला कोरडा लागला तरी रंग पक्का व्हायला आठवडा लागतो. तोवर घासणी नको. पावसाळ्यात हे काम घेऊच नका, रंग चिकट राहतो आणि फुगलेल्या दाराची कड रंधली तर हिवाळ्यात फट पडते.

सिंकखालच्या दाराची खालची कड बहुधा उघडी असते, पाणी तिथूनच शिरतं. सुटलेले पापुद्रे कोरडे होऊ द्या, वॉटरप्रूफ फेव्हिकॉल भरून रात्रभर शिकंज्यात दाबा, मग कडेलाही रंगाचे दोन हात द्या. प्लायऐवजी पार्टिकल बोर्ड असेल आणि फुगला असेल, तर त्याच्यावर खर्च करू नका.

लोंबकळणारं दार प्रत्येक वेळी बिजागरी बदलायला सांगत नाही. बिजागरीच्या दारात बसणाऱ्या गोल वाटीजवळच्या स्क्रूने दार डावी-उजवीकडे सरकतं, मागच्या स्क्रूने आत-बाहेर. भोक सैल झालं असेल तर फेव्हिकॉल लावलेल्या काड्यापेटीच्या काड्या ठोका, सुकल्यावर स्क्रू परत बसवा.

थिनर किंवा चिकटवणारा सोल्यूशन वापरताना गॅसचा रेग्युलेटर बंद आणि खिडक्या उघड्या. गॅसमागे चिकट कागदी शीट लावू नका, उष्णतेने कडा सुटतात आणि पेट घेण्याची भीती असते. गॅसच्या नळीवर छापलेली तारीख उलटली असेल तर ती आधी बदला, बाकी सगळं नंतर.

दुकानात येताना

हँडल बदलायचं असेल तर दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजून आणा. बहुतेकदा ते ९६, १२८ किंवा १६० मिमी असतं. त्याच मापाचं घेतलं तर नवं भोक पाडावं लागत नाही, जुनं लांबीने (पुट्टीने) बुजवावं लागत नाही. बिजागरीची एक जोडी काढूनच आणा: वाटी बहुधा ३५ मिमीचीच असते, पण दांडा सरळ की वाकडा, म्हणजे ०, ८ की १६ क्रँक, हे फोटोवरून नक्की कळत नाही.