द्राक्षमळ्यातील मुक्काम (पुणे परिसर)

द्राक्षमळ्यातील मुक्काम : द्राक्षबागेत किंवा वायनरीला (वाइन तयार करण्याच्या कारखान्याला) लागून असलेल्या निवासात एक-दोन रात्री राहून बाग हिंडणे, तिथले खाणेपिणे अनुभवणे आणि एरवी काही न करता विसावणे, असे स्वरूप असलेला ग्रामीण पर्यटनाचा प्रकार. पुणे जिल्ह्यात तो मुख्यतः जुन्नर आणि दौंड-बारामती या पट्ट्यांत आढळतो.

युरोपात या प्रकाराची मुळे जुनी आहेत. सम्राट दुसरा योसेफ याने 1784 मध्ये ऑस्ट्रियातील बागायतदारांना स्वतःची वाइन स्वतःच्या आवारात विकण्याची मुभा दिली आणि त्यातून व्हिएन्नाच्या आसपासच्या मळ्यांतील खानावळी फोफावल्या. इटलीने 1985 मध्ये शेतावरील पाहुणचारासाठी स्वतंत्र कायदा केला, तेव्हा शेतकऱ्याच्या जोडउत्पन्नाचे साधन म्हणूनच त्याकडे पाहिले गेले.

पुणे जिल्ह्यात वाइन आधी आली आणि मुक्काम नंतर. 1980 च्या दशकात नारायणगाव येथे शातो इंडाज ही वायनरी उभी राहिली आणि फ्रेंच तंत्राने तयार केलेली तिची फेसाळ वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी जाऊ लागली. शासनाने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यावर राज्यात वायनऱ्यांची संख्या वाढली. त्यांपैकी दौंड तालुक्यातील रोटी येथील फोर सीझन्स वायनरीने फ्रेंच शातोच्या, म्हणजे मळ्यातील वाड्याच्या, धर्तीवर इमारत बांधून तिच्यात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. दुसरा प्रवाह कृषिपर्यटनाचा असून, बारामती परिसरात त्याची पायाभरणी 2005 च्या सुमारास झाली. शासनाचे स्वतंत्र कृषिपर्यटन धोरण मात्र 2020 मध्ये आले. वाइन पर्यटनात आज नाशिक पुढे आहे, हे पुणेकरांनाही मान्य करावे लागते. पुण्याकडच्या बहुतेक बागा वाइनच्या नसून खाण्याच्या द्राक्षांच्या आहेत, त्यामुळे इथला मुक्काम पेल्यापेक्षा शेताच्या अधिक जवळ जाणारा आहे.

या दोन बागांतील फरक पाहुण्याला चालता चालता कळतो. थॉमसन, सोनाका किंवा जुन्नरकडील काळी जम्बो यांसारख्या खाण्याच्या वाणांचे वेल बहुधा मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर पसरवतात. विरळणी करून (काही मणी काढून टाकून) आणि जिबरेलिक आम्ल या वाढीच्या संजीवकाचा वापर करून मणी फुगवतात आणि घड डोक्याच्या उंचीवर लोंबतात. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, शेनँ ब्लाँ ही वाइनची वाणे तारांवर उभी चढवतात. त्यांचे मणी लहान, जाड सालीचे आणि बियांचे असतात, कारण वाइनचा रंग आणि तुरटपणा मुख्यतः साल व बी यांतून उतरतो. हे मणी खाऊन पाहणाऱ्याचा हमखास विरस होतो.

मुक्काम कधी करावा, हे वेल ठरवतो. महाराष्ट्रात द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, जिच्यानंतरच्या काडीत पुढील हंगामाचे घड धरतात, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जिच्यापासून साधारण चार महिन्यांत माल तयार होतो. पुणेकर मात्र सहलीला बाहेर पडतात ते पावसाळ्यात, आणि तेव्हा बागेत नुसती पाने असतात. हिरवाईसाठी तो काळ उत्तम असला, तरी घडांनी लगडलेली बाग पाहायची असेल, तर जानेवारी अखेर ते मार्चचा पूर्वार्ध हाच काळ निवडावा. वाइनच्या द्राक्षांची तोडणी बहुधा रात्री किंवा पहाटे, फळ थंड असताना करतात; ती पाहायची तर उशिरा उठण्याचा बेत सोडावा लागतो.

हाच काळ बागायतदाराच्या जिवाला घोर लावणारा असतो. अवकाळी पाऊस किंवा गारपीट एका संध्याकाळी वर्षाचे पीक नेऊ शकते, आणि भुरी व केवडा या रोगांसाठी फवारण्या चालूच असतात. म्हणून फवारणी झालेल्या ओळींत शिरू नये आणि विचारल्याशिवाय घड तोडू नये. ही सूचना नुसत्या शिष्टाचाराची नाही : फवारलेल्या औषधाचा अंश घडांवर राहतो, आणि निर्यातीच्या मालात तो मर्यादेबाहेर गेला, तर मालच नाकारला जातो.

जुन्नर तालुक्यात मुक्कामाला जोड भरपूर आहे. पुण्याहून नाशिक महामार्गाने नारायणगाव सुमारे 75 किलोमीटरवर असून शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट आणि खोडद येथील महाकाय दुर्बिणीचा परिसर तिथून जवळ आहे. शेतनिवासांत मासवडी, पिठले-भाकरी असे जेवण मिळते, आणि थंडीच्या दिवसांत ते शेकोटीजवळ वाढले जाते. तथापि, हा ऊस आणि बिबट्यांचाही मुलूख आहे. माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे ते उगाच नव्हे. अंधार पडल्यावर एकट्याने किंवा लहान मुलांना घेऊन बागेत फिरणे टाळावे. वायनरीत वाइन चाखण्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. परतीचा प्रवास स्वतः गाडी चालवून करायचा असेल, तर चाखणे मुक्कामाच्या संध्याकाळी उरकावे, निघण्याच्या सकाळी नव्हे.