वाहनाच्या पत्र्यातील सौरघट

वाहनाचा टप, बॉनेट, डिकीचे झाकण किंवा दरवाजा घडवतानाच त्यात सौरघट (सोलर सेल) बसवून वीज मिळवण्याची पद्धत. बाजारातले तयार सौर पॅनेल आणून टपावरच्या कॅरियरला नटबोल्टने आवळणे ही निराळी गोष्ट. ते पॅनेल काढले तरी खालचा टप शाबूत राहतो. इथे मात्र घट हाच टपाचा भाग असतो, त्यामुळे त्याला पावसाला अडवणे, हादरे सोसणे, दिसायला बरे असणे आणि वीज देणे ही चारही कामे एकदम करावी लागतात. बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली दाखवला. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सच्या विल्यम कॉब यांनी शिकागोत १२ सेलेनियम घटांवर चालणारी १५ इंच लांबीची खेळण्यातली गाडी चालवून दाखवली. १९८७ साली ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड ही सुमारे ३,००० किमीची पहिली जागतिक सौर शर्यत याच कंपनीच्या ‘सनरेसर’ने ताशी सरासरी ६७ किमीच्या आसपास वेगाने जिंकली. पण ती एका माणसापुरती, सपाट माशासारखी गाडी होती. तिच्यात बाजाराची पिशवी ठेवायलाही जागा नव्हती. विक्रीच्या गाड्यांत हे तंत्र दबकतच आले. २००९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये टपावरच्या घटांवर नुसता पंखा चाले आणि उभ्या गाडीतली गरम हवा बाहेर फेके. २०१७च्या सुमारास जपानमध्ये प्लग-इन (बाहेरून चार्ज करता येणाऱ्या) प्रियसला १८० वॉटचा टप मिळाला. त्याची वीज गाडी चालवणाऱ्या बॅटरीत जाई, आणि कंपनीच्या हिशेबाने दिवसाला जास्तीत जास्त ६.१ किमी पुरे. २०१९ साली टोयोटा आणि शार्प यांनी चाचणीच्या गाडीवर ३४ टक्क्यांहून अधिक क्षमतेचे, म्हणजे पडलेल्या उन्हाचा तेवढा हिस्सा विजेत बदलणारे घट लावून ८६० वॉटपर्यंत मजल मारली, पण ते घट अतिशय महाग असतात. संपूर्ण अंगच सौर करायला निघालेल्या नेदरलँड्समधील लाइटइयर आणि जर्मनीतील सोनो या दोन्ही उद्योगांचे गाड्यांचे बेत २०२३च्या सुरुवातीला कोलमडले. भारतात पुण्याच्या वायवे मोबिलिटीने ‘ईवा’ ही छोटी सौर टपाची गाडी २०२३च्या ऑटो एक्स्पोत मांडली.

गोव्यापुरता हिशेब सोपा आहे. आडव्या ठेवलेल्या एक चौरस मीटर जागेवर इथे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ५ युनिट ऊन पडते. छोट्या गाडीचा टप दीड-पावणेदोन चौरस मीटरचा. म्हणजे टपावर रोज ८ युनिट ऊन आले, तर २० टक्क्यांच्या आसपास क्षमतेचे घट त्यातून १.६ युनिट वीज काढतील. उष्णता, तारा आणि बॅटरीत भरतानाची गळती वजा जाता हाती सव्वा युनिटच्या आतबाहेर राहील. छोटी विजेवरची गाडी युनिटला सात-आठ किमी जाते. म्हणजे नऊ-दहा किमी. तेव्हा पणजीहून म्हापशाला निघालेल्या माणसाला त्या दिवसाचे ऊन पर्वरीचा चढ चढवून गिरीपर्यंत नेऊन सोडेल. उरलेली वाट घरच्या मीटरवर. तेही गाडी दिवसभर उघड्यावर उभी असेल तर.

गोव्याच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती अक्षांशाची. पणजी साडेपंधरा अंशांवर असल्याने मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो, आणि डिसेंबरातही दुपारी तो ५१ अंशांवर असतो. बर्लिनमध्ये त्याच दिवशी तो जेमतेम १४ अंश वर येतो. घराच्या छपरावरचे पॅनेल कलते ठेवता येते, गाडीचा टप येत नाही. म्हणून आडव्या घटांना कोकणपट्टी युरोपपेक्षा कितीतरी मानवते. ऑगस्टचा माथ्यावरचा सूर्य मात्र फक्त पंचांगात. जून ते सप्टेंबर मळब धरलेले असते आणि जुलैतली मिळकत मेच्या निम्म्याच्या आसपास उतरते.

दुसरी गोष्ट उलट बाजूची, आणि अधिक भारी. इथे गाडी लावताना पहिली नजर सावलीकडे जाते: आंबा, फणस, नाहीतर घराशेजारची पत्र्याची शेड. (माडाखाली जाणता माणूस गाडी लावत नाही, आणि काचेचा सौर टप असेल तर मुळीच लावू नये.) घट एकापुढे एक जोडलेले असल्याने त्यांची वीज सर्वांत कमी ऊन मिळालेल्या घटाच्या मापाने वाहते. काचेला चिकटलेले एक फणसाचे पानही पूर्ण ओळीची कमाई खाली आणते. त्यावर उपाय म्हणून झाकल्या गेलेल्या घटांना वळसा घालणारे डायोड बसवतात. धावत्या गाडीवर माडांच्या रांगेतून ऊन-सावली क्षणाक्षणाला बदलते, तेव्हा घटांकडून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या नियंत्रकालाही तितक्याच झटपट जुळवून घ्यावे लागते.

उन्हात उभी ठेवलेली गाडी आतून भट्टीसारखी तापते आणि चालवायला घेताच एसी हजारभर वॉट ओढू लागतो. टपाने दुपारभर जमवलेले त्यातले बरेचसे तो गिळतो. या नोंदकाराच्या मते गोव्यात पंख्यापुरता सौर टप ही जुनी, कमी दिमाखाची युक्तीच अधिक शहाणपणाची आहे; वीज किलोमीटरवर खर्चण्याऐवजी गारव्यावर खर्चावी.

घडणीची बाजू नाजूक आहे. सिलिकॉनचा घट मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका पातळ आणि पापडासारखा ठिसूळ. टपाच्या गोलाईवर तो वाकवायचा तर लहान पट्ट्या कापून कौलांसारख्या एकीवर एक चढवतात. काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिकचा थर लावला तर वजन घटते, पण ओरखडे लवकर पडतात. तापमान २५ अंशांच्या वर दर अंशाने वाढते तशी वीज सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. तापलेला टप ६५ अंशांवर गेला की १४ टक्के गेलेच. काळा-निळा रंग नको असणाऱ्यांसाठी जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने २०२३ साली रंगीत बॉनेट दाखवले. मात्र रंगाची थोडी किंमत विजेत मोजावी लागते. किनाऱ्यावर खारा वारा जोडांत शिरतो. पॅनेलांसाठी खाऱ्या तुषारांची वेगळी आंतरराष्ट्रीय चाचणी आहे ती याचसाठी. डिचोली-उसगाव पट्ट्यात खनिजाची तांबडी धूळ बसते, आणि मे महिन्यात ती धुवायला पाऊसही नसतो.

मोठ्या, सपाट टपाच्या वाहनांत गणित थोडे सुधारते. गोव्याच्या कदंब परिवहन महामंडळाच्या आकाराच्या बसवर २० चौरस मीटर घट बसले तर दिवसाला १५ युनिटपर्यंत मिळू शकतील. विजेवरची बस किलोमीटरला एक युनिटच्या आसपास खाते, म्हणजे पणजी-म्हापसा एक खेप निघाली. दुचाकीवर यातले काही जमत नाही: भाड्याने माणसे नेणाऱ्या पिवळ्या-काळ्या ‘पायलट’ मोटारसायकलवर सपाट म्हणावी अशी एकच मोठी जागा आहे, आणि तिच्यावर दोन माणसे बसलेली असतात. खरे सुख होडीला. तिला चढ नाही, वेग कमी लागतो आणि नदीच्या मध्यावर सावली नसते. केरळात २०१७ पासून वैकोमला ७५ प्रवाशांची ‘आदित्य’ २० किलोवॉटच्या छतावर चालते. मांडवीतही २०२१च्या अखेरीस सौर फेरीबोट उतरवण्यात आली.

सुरक्षिततेत मुख्य अडचण अशी की ऊन बंद करता येत नाही. अपघातानंतर बॅटरी तोडली तरी प्रकाश आहे तोवर घटांत विजेचा दाब (व्होल्टेज) राहतोच. त्यामुळे टपातला दाब सहसा ६० व्होल्टच्या खाली ठेवून पुढे तो चढवतात. बॉनेट पादचाऱ्याला धडक बसल्यास दबणारे हवे, म्हणून तिथे काच टाळावी लागते. पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के प्रकाश गेला पाहिजे असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे, तेव्हा तिथे घटांना फारसा वाव नाही. जुन्या गाडीचा टप कापून सौर टप बसवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ शी गाठ पडू शकते. आणि गॅरेजवाल्याचे काम बदलते: पोचा आलेला पत्रा आतून ठोकून, पुट्टी भरून, रंग मारून देता येतो, घट असलेला भाग आख्खा बदलावा लागतो.