होमगार्ड की नागरी संरक्षण? नागपूरकरांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

मे 2025 मध्ये देशात ठिकठिकाणी सायरनचे सराव झाले आणि वस्तीतली पोरं विचारू लागली, "युद्ध झालं तर मदतीसाठी नाव कुठे नोंदवायचं?" यासाठी दोन वाटा आहेत. बरेच जण त्या एकच समजतात.

पहिली वाट होमगार्डची. डिसेंबर 1946 मध्ये मुंबई प्रांतात दंगलींच्या काळात ही संघटना उभी राहिली. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर देशभर तिची नव्याने बांधणी झाली. तिचं ब्रीद 'निष्काम सेवा', आणि ते शब्दशः घ्या. ही नोकरी नाही, त्यामुळे महिन्याचा पगार आणि पेन्शन नाही. बंदोबस्ताला बोलावलं त्या दिवसाचा कर्तव्य भत्ता मिळतो. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने तो 570 वरून 1083 रुपये केला. दीक्षाभूमीची गर्दी, मारबत, हिवाळी अधिवेशन या दिवसांत बोलावणं येतं, मधले दिवस रिकामे जातात. म्हणून हातातलं काम सोडू नका आणि घरच्यांना हे आधीच नीट समजावून सांगा.

वय 20 ते 50, शिक्षण दहावी पास. पुरुषांची उंची किमान 162 सेंमी, महिलांची 150. पुरुषांची छाती न फुगवता 76 सेंमी हवी, फुगवल्यावर 5 सेंमी वाढायला हवी. धावणं पुरुषांना 1600 मीटर, महिलांना 800, शिवाय गोळाफेक. आजपासूनच पहाटे पळायला लागा, कारण जाहिरात आल्यावर तयारीला वेळ उरत नाही.

ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत तुम्ही राहता, त्याच ठाण्याच्या जागांसाठी अर्ज करायचा. भाड्याची खोली बदलली असेल तर आधारवरचा पत्ता आधी दुरुस्त करून घ्या. सोबत मतदार ओळखपत्र, दहावीची गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा आणि तीन महिन्यांच्या आतलं पोलीस चारित्र्य प्रमाणपत्र लागतं. खासगी नोकरी असेल तर मालकाचं ना-हरकत पत्रही लागतं. हे पत्र पहिल्यांदा मागा, बाकी सगळं तुमच्या हातात असतं, हे नसतं. आयटीआय, एनसीसीचं बी किंवा सी प्रमाणपत्र, जड वाहन परवाना असेल तर जोडा, त्याचे वेगळे गुण मिळतात.

अर्ज ऑनलाइन, महाराष्ट्र होमगार्डच्या संकेतस्थळावर, आणि तोही जिल्ह्याची जाहिरात निघाल्यावरच. नेमणूक तीन वर्षांची. ती पूर्ण केलेल्यांना पोलीस, वन आणि अग्निशमन भरतीत 5 टक्के आरक्षण आहे.

दुसरी वाट नागरी संरक्षणाची, 1968 च्या कायद्याखालची. वॉर्डन म्हणून वस्तीवर लक्ष ठेवणं, जखमींची शुश्रूषा, आग विझवणं, ढिगाऱ्यातून माणसं काढणं ही तिची कामं. इथे उंची-छाती मोजत नाहीत. 18 वर्षं पूर्ण, चौथी पास आणि धडधाकट प्रकृती एवढं पुरतं. पन्नाशी ओलांडलेल्या काका-काकूंनीही इकडेच यावं. तरुणांसाठी 'माय भारत' पोर्टलवर नागरी संरक्षण स्वयंसेवक म्हणून नोंदणी मे 2025 पासून खुली झाली. या विषयाचं राष्ट्रीय महाविद्यालय 1957 मध्ये आपल्याच नागपुरात सुरू झालं होतं, हे कितीतरी नागपूरकरांना ठाऊकच नसतं.