वायफायच्या तक्रारींचं मूळ

वायफायबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. खोक्यावर छापलेला वेग कधीच का मिळत नाही? मायक्रोवेव्ह ओव्हन लावला की व्हिडिओ का अडखळतो? शेजारी नवा राउटर आला की आपलं नेट का मंदावतं? यातल्या बहुतेकांची उत्तरं वायफाय हे नाव रुळण्याच्या कितीतरी आधी ठरून गेली होती.

पहिलं उत्तर हवाई बेटांवरचं. हवाई विद्यापीठाची महाविद्यालयं वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेली, आणि मोठा संगणक ओआहू बेटावर. तो सगळ्यांना वापरता यावा म्हणून नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओची वाट धरली आणि १९७१ मध्ये 'अलोहानेट' सुरू झालं. प्रत्येक टर्मिनलला वेगळी फ्रिक्वेन्सी देण्याऐवजी त्यांनी सगळ्यांना एकाच चॅनलवर सोडलं. पाठवायचं असेल तेव्हा पाठवा. पोच आली नाही तर टक्कर झाली असं समजा, थोडं थांबून पुन्हा पाठवा. थांबण्याचा काळ मात्र प्रत्येकाचा वेगळा आणि अनियमित, नाहीतर तेच दोघे पुन्हा आदळणार. युक्ती साधी होती, पण महाग: गणिताने पाहिलं तर अशा चॅनलची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमताच कामी येते.

झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये हीच कल्पना तारेवर आणून इथरनेट उभं केलं. त्यात आधी ऐकायचं, तार मोकळी असेल तर बोलायचं आणि टक्कर जाणवली की लगेच गप्प बसायचं. हवेत शेवटचा भाग जमत नाही. स्वतःचं प्रसारण चालू असताना त्याच चॅनलवरचा दुसऱ्याचा क्षीण सिग्नल रेडिओला ऐकूच येत नाही. म्हणून वायफाय टक्कर ओळखण्यापेक्षा टाळण्यावर भर देतं: ऐकतं, थांबतं, पाठवतं आणि पोचेची वाट पाहतं. खोक्यावरच्या आकड्यातला बराच भाग या थांबण्यात आणि पोचपावत्यांतच जातो. शिवाय त्या चॅनलवरची सगळी उपकरणं आळीपाळीने बोलतात, त्यात शेजाऱ्यांचीही आली.

ओव्हनचा प्रश्न मला जास्त रंजक वाटतो. १९४७ मध्ये अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रेडिओ फ्रिक्वेन्सींचे काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय उपकरणांसाठी राखले गेले. संदेश पाठवण्यासाठी नव्हे, तापवण्यासारख्या कामांसाठी. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो तो त्यामुळे. पाण्याचे रेणू नेमके याच फ्रिक्वेन्सीला तापतात ही लोकप्रिय समजूत चुकीची आहे. दळणवळणवाल्यांच्या दृष्टीने हा गोंगाटाचा, टाकाऊ पट्टा होता. १९८५ मध्ये एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दळणवळण नियामक संस्थेने, तिथे विनापरवाना प्रसारणाला मुभा दिली. अट अशी की ताकद मर्यादित ठेवा, सिग्नल रुंद पट्ट्यात पसरवा, आणि दुसऱ्यांचा त्रास झाला तर तक्रार करू नका. वायफाय स्वस्त झालं ते या निर्णयामुळे, आणि ओव्हनपुढे हतबल आहे तेही त्यामुळेच.

मुभा मिळाल्यावर एनसीआर ही गल्लायंत्रं बनवणारी कंपनी दुकानातली यंत्रं बिनतारी जोडण्याच्या मागे लागली. तिचेच व्हिक हेज पुढे वायफायचं तांत्रिक मानक ठरवणाऱ्या ८०२.११ समितीचे अध्यक्ष झाले. १९९० मध्ये सुरू झालेलं काम १९९७ मध्ये मानकापर्यंत पोचलं, तेव्हा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. दोन वर्षांत तो ११ झाला आणि लॅपटॉपवाल्यांनी ते उचललं.

सुरक्षिततेची कथा थोडक्यात आटोपते. पहिल्या मानकातलं 'वेप' कूटलेखन २००१ पर्यंत फुटलं होतं. त्याच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आलं. राउटरच्या सेटिंगमध्ये आज दिसणारी ती गोंधळात टाकणारी यादी म्हणजे या दुरुस्त्यांचे थर.

आणि गर्दी? अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झच्या ११ चॅनलांपैकी एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. आधी ५ गिगाहर्ट्झने जागा दिली. २०२० मध्ये एफसीसीने ६ गिगाहर्ट्झमध्ये आणखी १२०० मेगाहर्ट्झ खुले केले. तिथे ओव्हन नाहीत, पण मायक्रोवेव्ह लहरींवर संदेश नेणारे परवानाधारक दुवे आधीपासून आहेत. म्हणून कमी ताकदीचे राउटर तिथे फक्त घरात चालवायचे, आणि जास्त ताकदीच्या राउटरने कोणता चॅनल मोकळा आहे हे आधी एका डेटाबेसला विचारायचं.