कार्ब्युरेटरच्या भोकात शिरणारी उकळी

भाद्रपदात गवत कमरेपर्यंत येतं आणि कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांतून ग्रास कटरची घरघर सुरू होते. खांद्याला पट्टा, लांब दांडा, टोकाला फिरणारं पातं आणि मागे नारळाएवढं इंजिन. गवत उरकलं की हे यंत्र पडवीत खुंटीला लागतं ते थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत, टाकीत उरलेल्या पेट्रोलसकट. मग पुढच्या वर्षी दोरी ओढून ओढून हात भरून येतो. चोक दिला की इंजिन दोन-चार ठोके टाकतं, चोक काढला की बंद. आमच्या यंत्राचं गेल्या वर्षी नेमकं हेच झालं. गॅरेजवाल्याने दोनदा दोरी ओढली, कान दिला आणि म्हणाला, "कार्बोरेटर चॉकप झालो." म्हणजे आतली पेट्रोलची भोकं बुजली.

त्याचं निदान अचूक होतं. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण सांभाळण्याचं काम कार्ब्युरेटर करतो आणि तेही केवळ भोकांच्या मापावर. चोक दिला की हवेची वाट अडते, ओढ वाढते आणि बुजलेल्या भोकातूनही थोडं पेट्रोल खेचलं जातं. चोक काढला की ती जादा ओढ संपते आणि इंजिन उपाशी राहतं.

ही भोकं किती बारीक असतात याची कल्पना यंत्र वापरणाऱ्यालाही सहसा नसते. समजा एका भोकाचा व्यास ०.३५ मिलिमीटर आहे. त्याच्या आतल्या भिंतीवर सगळीकडून ०.०५ मिलिमीटरचा थर बसला. आपला केसही बहुधा याहून जाड असतो. पण व्यास आता ०.२५ झाला आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलत असल्यामुळे वाट जवळजवळ निम्मी झाली. उलट, कुणी घाईने त्यात तार फिरवली आणि भोक ०.४० झालं, तर वाट तीस टक्क्यांनी वाढली. भोक कायमचं बिघडलं, आणि हे नुकसान कुठल्याही धुलाईने भरून येत नाही. म्हणून जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या अशा मापाच्या भोकात, तार घालणाऱ्याचा हात धरावा असं मला मनापासून वाटतं.

थर येतो पेट्रोलमधूनच. पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. हलके घटक आधी उडून जातात. उरलेल्यांपैकी काहींचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होत राहतो आणि त्यांचा डिंक बनतो, काजूच्या झाडाला येतो तसाच पिवळट-तपकिरी. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलही मागे राहतं. शिवाय आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि तो ओलावा ॲल्युमिनियम-जस्ताच्या मिश्रधातूला लागला की पांढरी भुकटी धरते. पडवीतल्या त्या सात-आठ महिन्यांत हे सगळं निवांत घडत असतं.

बाहेरून ब्रश लावता येतो, कॉम्प्रेसरची हवा मारता येते. पण छोट्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरच्या पोटात काटकोनात वळणाऱ्या वाटा असतात. काही भोकांवर तर टिकलीएवढी चकती ठोकून बसवलेली असते. तिथे ब्रश पोचत नाही, आणि हवेचा झोत सोप्या वाटेने निघून जातो. जिथे द्रव पोचतो तिथे पोचेल असंच काहीतरी हवं. अल्ट्रासोनिक टाकीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने वस्तू धुणाऱ्या टाकीत, ते काम पाण्यातले बुडबुडे करतात.

चहाचं आधण ठेवल्यावर, उकळी फुटायच्या आधी भांडं गुणगुणायला लागतं. तळाशी वाफेचे बुडबुडे होतात, वर येताना थोड्या गार पाण्यात शिरतात आणि तिथेच मिटतात. तो आवाज त्या मिटण्याचा. किटलीच्या या आवाजाचं वर्णन वाचून लॉर्ड रेली या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने विचार सुरू केला, की गोल पोकळी पाण्यात कोसळते तेव्हा दाब किती वाढत असेल? १९१७ साली त्याने उत्तर प्रसिद्ध केलं. बुडबुडा लहान होत जातो तसा दाब प्रचंड वाढतो. जहाजांचे पंखे पाण्यात राहून कुरतडल्यासारखे का होतात, याचा उलगडा त्या गणिताने होऊ लागला.

पंखे खाणारी तीच ताकद आपण टाकीत मापून वापरतो. टाकीच्या तळाला खालून खास सिरॅमिकच्या चकत्या चिकटवलेल्या असतात. विजेचा दाब बदलला की त्या आकसतात आणि फुगतात, सहसा सेकंदाला ४०,००० वेळा. आपल्या कानाची मर्यादा २०,०००च्या आसपास संपते. पाणी दाबलं जातं, ताणलं जातं. ताणलं जातं तेव्हा दाब इतका उतरतो की पाणी न तापताच जागोजागी फाटतं आणि सूक्ष्म पोकळ्या तयार होतात. या पोकळ्या लाटांबरोबर वाढतात आणि मग अचानक कोसळतात. कोसळण्याच्या क्षणी आतलं तापमान हजारो अंशांवर जातं, पण इतक्या कमी काळापुरतं आणि इतक्या कमी जागेत, की टाकीतलं पाणी त्याने फारसं तापत नाही. धातूच्या पृष्ठभागाशेजारचा बुडबुडा सगळ्या बाजूंनी सारखा मिटत नाही. मोकळ्या बाजूचं पाणी त्याला भेदून पृष्ठभागावर सुईसारखं आदळतं. असे असंख्य टोचे बसले की डिंकाचा थर सुटतो.

गॅरेजवाल्याने आमचा कार्ब्युरेटर अशाच टाकीत सोडला होता आणि मी डोकावून पाहत होतो. दोनेक मिनिटं काहीच दिसलं नाही. मग कार्ब्युरेटरच्या एका भोकातून तपकिरी धुराची रेघ निघाली, अगदी उदबत्तीसारखी, आणि पाण्यात पसरत गेली. तिथे आत इतकं काही असेल असं बाहेरून पाहून वाटलं नव्हतं.

सराफाकडे आणि चष्म्याच्या दुकानात ही टाकी जुनीच आहे. गॅरेजमध्ये ती आता येते आहे, आणि मशीन घेतलं म्हणजे काम झालं असा समज तिच्याबरोबर येतो. कार्ब्युरेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा), गॅस्केट (सांध्यातली पट्टी), रबरी रिंगा आधी काढाव्याच लागतात. ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते, ती बुडबुड्यांचा मार मऊ करते, म्हणून पाणी भरलेली टाकी आधी पाच-दहा मिनिटं आत वस्तू न ठेवता चालवायची. पाणी ५० ते ६० अंश सेल्सिअस ठेवावं. फार गरम केलं तर बुडबुड्यांत वाफ भरते आणि कोसळण्यातला जोर जातो. पाण्यात सौम्य साबण चालतो, कॉस्टिक सोडा नाही. तो ॲल्युमिनियमलाच खातो. आणि टाकीत पेट्रोल तर कधीही ओतू नये. त्याची वाफ थंडीतही पेट घेते, आणि इथे खाली वीज आणि उष्णता दोन्ही आहेत.

कार्ब्युरेटर तळावर ठेवू नये, जाळीत टांगावा. ४० किलोहर्ट्झच्या लाटेची पाण्यातली लांबी सुमारे ३८ मिलिमीटर भरते, त्यामुळे साधारण दर १९ मिलिमीटरवर जोराची जागा येते आणि अधेमधे सुस्त जागा. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल मिनिटभर उभा धरला तर त्यावर पट्ट्यापट्ट्यांनी भोकं पडलेली दिसतात. म्हणून वस्तू मधूनमधून हलवायची.

सगळ्यात जास्त फसवते ती अडकलेली हवा. सोनोग्राफीला पोटावर जेल लावतात, कारण मध्ये हवेचा पापुद्रा राहिला तर ध्वनी जवळजवळ सगळा परततो. भोकात हवा अडकली तर इथेही तेच होतं. आत पाणी नाही, म्हणजे बुडबुडे नाहीत, म्हणजे धुलाई नाही. बाहेरून मात्र कार्ब्युरेटर नव्यासारखा चमकतो.

आमचाही चमकत होता. गॅरेजवाल्याने स्वच्छ पाण्यात विसळून हवेने फुंकला, मग सिरिंजमधून पाणी सोडलं. घशाजवळच्या, म्हणजे हवा जाते त्या नळीजवळच्या, तीन बारीक भोकांपैकी दोनांतून धार आली, तिसरं कोरडं. त्याने कार्ब्युरेटर पुन्हा पाण्यात नेला, भोक वरच्या बाजूला येईल असा कलता धरला आणि बोटाने दोन टिचक्या मारल्या. एक छोटा बुडबुडा सुटून वर आला. आणखी सहा मिनिटं टाकी चालली. पुन्हा सिरिंज लावली, तेव्हा तिसऱ्या भोकातून केसासारखी धार सरळ बाहेर पडली.