वृषण-रक्षक शस्त्रक्रिया (लहान मुलांतील)

वयात न आलेल्या मुलाच्या वृषणात गाठ निघाल्यास संपूर्ण वृषण न काढता तेवढी गाठच काढायची आणि निरोगी भाग जागेवर ठेवायचा, अशी ही शस्त्रक्रिया. अशा गाठी विरळ असतात. मुलांच्या घन गाठींत त्यांचा वाटा जेमतेम १ ते २ टक्के. मोठ्यांच्या वृषणातली गाठ बहुधा कर्करोगाची असते, म्हणून तिथे वृषण काढतात. तोच नियम बरीच वर्षे लेकरांनाही लावला गेला. लहान वयात मात्र टेराटोमा, एपिडरमॉइड सिस्ट अशा निरुपद्रवी गाठीच जास्त असतात, हे नंतर उमगले.

कर्करोगाच्या गाठींत मुख्य असतो योक सॅक ट्यूमर. त्यात रक्तातले अल्फा-फीटोप्रोटीन बहुधा वाढते. तान्ह्या बाळात हे प्रथिन मुळातच खूप असते आणि पहिल्या वर्षभरात उतरते, त्यामुळे वय न पाहता आकडा वाचला तर चांगले वृषण हकनाक जाऊ शकते. प्रथिन वयाच्या मानाने ठीक असेल आणि सोनोग्राफीत गाठीभोवती निरोगी भाग दिसत असेल, तरच वृषण वाचवण्याचा विचार होतो.

छेद जांघेत घेतात, अंडकोषावर म्हणजे वृषणाच्या पिशवीवर नाही. तिथे चीर दिली किंवा सुई टोचली तर कर्करोगाच्या पेशी नव्या वाटेने पसरण्याचा धोका असतो. वृषणाच्या रक्तवाहिन्या मऊ चिमट्याने तात्पुरत्या बंद करून वृषण बाहेर घेतात, पांढरे आवरण उघडून गाठ सोलून काढतात. ती लगेच फ्रोझन सेक्शनसाठी, म्हणजे गोठवून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली झटपट पाहण्यासाठी जाते. टेबलावर मूल भुलीखाली असतानाच पॅथॉलॉजिस्टचा निरोप येतो: गाठ साधी असेल तर आवरण विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवून वृषण परत अंडकोषात बसवतात, कर्करोग असेल तर पूर्ण काढतात.

मराठवाड्यात खरी अडचण वेळेची आहे. गाठ दुखत नाही. आंघोळ घालताना आईच्या हाताला लागते आणि घरात ‘पाणी भरलंय’ म्हणून सोडून दिली जाते. पाणी असेल तर अंधारात टॉर्च लावल्यावर अंडकोष लालसर उजळतो. घन गाठीतून उजेड जात नाही. तरीही सोनोग्राफी हवीच. बीडच्या ऊसतोड कुटुंबांचे दिवाळीनंतरचे महिने फडावर जातात आणि तपासणी पुढे ढकलली जाते, तेवढ्यात गाठ वाढून निरोगी भाग उरत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतात. त्या तपासणीत लाजेपोटी चड्डी न काढणे फार महागात पडते. बालशल्यविशारद, बालकांची भूल आणि फ्रोझन सेक्शन एका छताखाली लागत असल्याने तालुक्यावरून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी किंवा पुण्या-मुंबईला जावे लागते.

गाठ निरुपद्रवी निघाली तरी काही काळ सोनोग्राफीने वृषणाची वाढ पाहतात. कर्करोग वृषणापुरताच असेल तर ते काढल्यावर अल्फा-फीटोप्रोटीनवर नजर ठेवणे बहुतेकदा पुरते. पसरला असेल तर केमोथेरपी देतात, आणि तिला हा आजार चांगली दाद देतो.