हळद जखमेत टिकते किती वेळ?

वायगावची हळद नागपूरकरांना परकी नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात ती पिकते. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. साध्या हळदीपेक्षा तिच्यात कुरकुमिन जास्त असतं. हळदीला रंग देणारं आणि सूज उतरवणारं म्हणून ओळखलं जाणारं द्रव्य ते हेच.

विळीनं बोट कापलं की चिमूटभर हळद दाबायची, ही रीत आपल्याकडे घरोघरी आहे. तिच्यावर अमेरिकेत पेटंटसुद्धा निघालं होतं. १९९५ मध्ये ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. जिंकलो ते रास्तच. पण हळदीनं जखम भरते हे आधीपासून कुणाला ठाऊक होतं, एवढ्यापुरताच तो वाद होता. जखमेत गेल्यावर हळदीचं पुढे काय होतं, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर जरा हिरमोड करणारं आहे.

कुरकुमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. आणि शरीराचं तापमान व रक्ताइतकीच आम्लता असलेल्या द्रावणात ते ठेवलं, तर अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९० टक्के विघटित होतं. धडधाकट त्वचा किंचित आम्लधर्मी असते, जुनाट चिघळलेली जखम मात्र अल्कधर्मी होत जाते, आणि अल्कधर्मी वातावरणात कुरकुमिन आणखी लवकर मोडतं. म्हणजे गरज सगळ्यात जास्त जिथे, तिथेच त्याचा टिकाव लागत नाही. शिवाय डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तिच्यात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून खोल जखमेत ती कोंबू नये, हे सांगून टाकलेलं बरं.

माल चांगला असूनही तो पोचवणारी गाडी धड नाही, असा हा प्रकार आहे. जैवपदार्थांच्या, म्हणजे सजीवांपासून मिळणाऱ्या पदार्थांच्या, ड्रेसिंगवर गेली काही दशकं जे काम चाललंय, त्यातला मोठा भाग माझ्या मते या गाडीवरचं काम आहे. बातम्या मात्र मालाच्याच येतात: मध, चांदी, कोरफड, हळद.

गाडीचा विचार सुरू झाला तो १९६२ च्या आसपास. जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकानं डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगानं पसरली. उघड्या जखमेवर खपली धरते आणि नव्या पेशींना तिच्याखालून, ओलावा शोधत सरकावं लागतं. तोवर ‘जखमेला हवा लागू द्या’ हाच सल्ला होता, आजही तो ऐकू येतोच. कापसाच्या मुलखात राहून म्हणणं जिवावर येतं, पण कोरडं सुती गॉझ या कामाला वाईट. ते जखमेत रुततं, आणि काढताना पेशंट कळवळतो तो उगाच नाही. कालपर्यंत तयार झालेली नाजूक कातडी गॉझच्या धाग्यांना चिकटून सोबत निघते.

समुद्री शेवाळापासून बनवलेलं अल्जिनेट याच्या उलट वागतं. पट्टी हातात घेतली तर पांढऱ्या, विस्कटलेल्या लोकरीसारखी दिसते. तिच्यात कॅल्शियम असतं आणि जखमेतून झिरपणाऱ्या पाण्यात सोडियम. दोघांची अदलाबदल होते, धागे फुगतात आणि त्यांचा जेल होतो. जखम जितकी वाहती तितका जेल जास्त. बदलायच्या वेळी सलाइनच्या धारेनं तो धुऊन निघतो. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानवर धनभार असतो, तर रक्तातल्या तांबड्या पेशींवर ऋणभार. त्यामुळे रक्त थांबवायला ते कामाला येतं.

पण विदर्भात बसून लिहायचं, तर टसर या जंगली रेशमाबद्दल लिहायला हवं. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत ढीवर कुटुंबं ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात, आणि राज्याचं रेशीम संचालनालयही नागपुरातच आहे. कोशाचा धागा दोन प्रथिनांचा असतो: आत फायब्रोइन आणि त्यावर सेरिसिनचा डिंक. डिंक उकळून काढला की उरलेल्या फायब्रोइनची फिल्म, स्पंज किंवा जेल बनवता येतो. टसरच्या फायब्रोइनमध्ये अर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही तीन अमिनो आम्लं ओळीनं येतात. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरची ग्राहक प्रथिनं नेमका हाच तुकडा धरून चिकटतात. तुतीच्या रेशमात तो नसतो. म्हणजे पैठणीवालं रेशीम मऊ नि देखणं असलं, तरी पेशींना पाय रोवायला जंगलातलं राकट टसर बरं. अडचण अशी की तुतीचं फायब्रोइन लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात सहज विरघळतं आणि टसरचं दाद देत नाही. मग ते थेट अळीच्या रेशीमग्रंथीतून घ्यावं लागतं किंवा वेगळी द्रावकं वापरावी लागतात.

या धाग्यात औषध कसं भरतात? प्रथिनाच्या द्रावणातच कुरकुमिन किंवा दुसरं द्रव्य मिसळतात, आणि हजारो व्होल्टच्या दाबाखाली सुईच्या टोकातून द्रावणाची धार ओढतात. ती हवेतच वाळते आणि काहीशे नॅनोमीटर जाडीच्या तंतूंची जाळी जमते. त्वचेतल्या कोलॅजनची वीणही साधारण त्याच जाडीची. तंतू जसजसा झिजतो तसतसा आतला माल सुटतो. फायब्रोइनमधला स्फटिकी भाग वाढवला की झीज मंदावते. म्हणजे द्रव्य किती दिवस सुटत राहावं हे बनवतानाच बऱ्याच अंशी ठरवता येतं. पाण्याला बुजणारं कुरकुमिनही अशा जाळीत दडून राहतं आणि तुलनेनं जास्त टिकतं.

वेळेला एवढं महत्त्व का, ते शुगरच्या पेशंटच्या पायात दिसतं. जखम झाली की आधी रक्त गोठतं, मग सूज येते, मग नवी ऊती भरते, आणि शेवटी महिनोन्‌महिने वणाची डागडुजी चालते. सुरुवातीला मॅक्रोफेज पेशी जंतू आणि मेलेला भाग साफ करतात, नंतर त्याच पेशी पवित्रा बदलून बांधकामाला लागतात. मधुमेहात हा बदल रखडतो. जखम सुजेतच अडकते, आणि प्रथिनं तोडणारी विकरं इतकी साचतात की नवं कोलॅजन आणि वाढीचे संदेश देणारी प्रथिनं तयार होताहोताच कापली जातात. १९९७ मध्ये अमेरिकेत मधुमेही पायाच्या जखमांसाठी असं एक प्रथिन, बेकाप्लर्मिन, जेलच्या रूपात मंजूर झालं. ते रोज लावावं लागतं. जास्त ट्यूब वापरणाऱ्यांमध्ये कर्करोगानं मृत्यूचा धोका असल्याचा इशारा २००८ मध्ये त्याच्यावर छापला गेला आणि २०१८ मध्ये काढला गेला. वाढीचा संदेश मोकाट सोडण्याबद्दल धास्ती का असते, ते यावरून कळावं.

‘उंदरांची जखम चौदा दिवसांत भरली’ अशी बातमी वाचली तर थोडं थांबा. उंदराची कातडी सैल असते, तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो आणि जखम मुख्यतः आकसून मिटते. माणसाची बरीचशी नवी ऊती भरून आणि वरून कातडी पसरून मिटते. उंदरावरचं यश माणसाच्या तळपायावर उतरेलच असं नाही.

आणखी एक अडचण नागपूरला चांगलीच कळेल. बेकाप्लर्मिनचा जेल फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. मे महिन्यात ४५ अंशांवर पारा आणि गावात लाइट गेलेली, अशा वेळी फ्रिजमधल्या प्रथिनाचा काय भरवसा? इथेही रेशीम कामी येण्याजोगं आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्‌स विद्यापीठाच्या गटानं २०१२ मध्ये गोवर-गालगुंड-रुबेलाची लस तुतीच्या रेशमाच्या फिल्ममध्ये बंद करून ४५ अंशांवर सहा महिने ठेवली, आणि तिची ८० टक्क्यांहून जास्त ताकद शाबूत राहिली. तो प्रयोग लशीचा होता. जखमेच्या पट्टीतल्या प्रथिनांसाठीही हाच गुण हवा आहे, कारण पट्टी गावातल्या औषधाच्या दुकानात फळीवर पडून राहणार, तीही पत्र्याखाली.